गॅस आला, ओटा राहिला: शेगडी पक्की बसवण्यासाठी आवाहन

सर्वांना नमस्कार.

चाकण एमआयडीसीच्या कडेला आमची वस्ती आहे. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्या, काही पत्र्याच्या, काही स्लॅबच्या. बीड, लातूर, नांदेड, यवतमाळकडून कारखान्यांत कामाला आलेली कुटुंबं इथं राहतात. या घरांतली गॅसची शेगडी कलंडू नये, एवढ्याचसाठी आमचं महिला मंडळ आपल्याकडे मदत मागत आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच गल्लीत एका दीड वर्षाच्या मुलीच्या अंगावर आंघोळीचं उकळतं पाणी सांडलं. शेगडी लोखंडी पेटीवर ठेवलेली होती. तिचा एक रबरी पाय कधीच निघून गेलेला, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. मुलगी उभं राहायला म्हणून शेगडीला धरायला गेली आणि पातेल्यासकट शेगडी पुढं आली. आई हातभर अंतरावर भाकरी थापत होती. मुलगी वाचली, पण खांद्याची आणि दंडाची कातडी अजून आखडलेली आहे. ‘आईचं लक्ष नव्हतं’ असं तेव्हा काही जण बोलले. आम्हाला ते मुळीच मान्य नाही. दहा बाय दहाच्या खोलीत लेकराला शेगडीपासून लांब ठेवायचं म्हणजे ठेवायचं तरी कुठं?

आमच्यातल्या बहुतेकींनी गावाकडं चुलीवर रांधलं आहे. चूल धुरानं डोळे जाळते, पण कलंडत नाही. मातीत बसवलेली आणि वरचेवर लिंपलेली असल्यामुळं ती जमिनीचाच भाग होऊन जाते. पिठलं कितीही जोर लावून हाटा, ती जागची हलत नाही. गॅस आला, धूर गेला, हे फार चांगलं झालं. पण शेगडी सुटी असते. ती पक्की राहायला खाली ओटा लागतो, आणि तो या खोल्यांत नाही. म्हणून मग कुणाची शेगडी पेटीवर, कुणाची डुगडुगत्या स्टुलावर, कुणाची थेट फरशीवर.

सगळ्यात जास्त भीती वाटते ती डोक्यावरच बर्नर बसवलेल्या छोट्या टाकीची. एकटे राहणारे कामगार आणि नवी जोडपी सर्रास तीच वापरतात. बुड अरुंद आणि वर पाण्यानं भरलेलं पातेलं. गॅस संपत येईल तशी टाकी हलकी होते, वरचं ओझं मात्र तेवढंच राहतं. अशा वेळी एका बाजूनं जरा जोरात घोटलं तरी सगळं आडवं होतं. या टाकीवर आंघोळीचं पाणी तापवू नका, ही आमची हात जोडून विनंती आहे.

शेगडी फरशीवर असण्यात आणखी एक धोका आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत साचतो, आणि तिथंच ज्योत असते. म्हणून टाकी खाली, उभी आणि शेगडी तिच्यापेक्षा उंचावर, हीच योग्य मांडणी.

म्हणून घरोघरी शेगडीसाठी ओटा बांधायचं आम्ही ठरवलं आहे. रांगणारी आणि नुकती चालायला लागलेली मुलं असलेली घरं आम्ही आधी घेणार आहोत. दिवाळीच्या आत ती पूर्ण करायची आहेत, कारण फराळाच्या दिवसांत तेलाची कढई तासन् तास चढलेली असते आणि सगळी मुलं तिच्याभोवतीच असतात.

एका ओट्याला लागतं तरी किती? दोन्ही बाजूंना अडीच फूट उंचीच्या चार इंची भिंती, म्हणजे पन्नास-साठ विटा. वर अडीच फूट लांब, दोन फूट रुंद कडप्पा. सिमेंटच्या एका गोणीत तीन-चार ओटे सहज होतात. पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी बसवली की शेगडी सरकून खाली येत नाही. फरशीच्या दुकानांत आणि बांधकामांवर कडप्प्याचे उरलेले तुकडे पडून असतात, ते आम्हाला द्या. चांगल्या विटा, वाळू, लोखंडी अँगल, शेगडीचे रबरी पाय, काहीही चालेल. गवंडी आणि वेल्डर बांधवांनी एक रविवार दिला, तर त्यांच्या हाताखाली विटा-पाणी द्यायला आम्ही बायका आहोतच. रोख रक्कम मंडळ घेणार नाही. ज्यांना पैसे द्यायचे आहेत त्यांनी दुकानात सामानाचे भरून पावती आमच्याकडं द्यावी.

पण खोलीमालकांनी मनावर घेतल्याशिवाय हे काम पुढं सरकणार नाही. भाडेकरू भिंतीला खिळा ठोकायलाही घाबरतो. मालकांनो, ओटा बांधायला परवानगी द्या. ते नको असेल तर निदान भिंतीत चार भोकं पाडू द्या, आम्ही अँगलचा स्टँड नटबोल्टनं पक्का करू. भाडेकरू गेला तरी ओटा तुमच्याच खोलीत राहणार आहे.

ओटा होईपर्यंत प्रत्येक घरानं एवढं तरी आजच करावं. शेगडीचे चारही पाय तपासा. पातेल्याचे कान आणि कढईचा दांडा कडेच्या बाहेर येऊ देऊ नका. नळी जाण्यायेण्याच्या वाटेतून आणू नका, पाय अडकला की शेगडी ओढली जाते. आंघोळीचं पाणी भरल्या पातेल्यानं उचलण्यापेक्षा तांब्यानं बादलीत काढा.

आणि तरीही कुणी भाजलंच, तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं पाणी सोडत राहा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काहीही लावू नका. सूज यायच्या आत बांगड्या, कडं, अंगठी काढा. 108 ला फोन करा. आपल्याकडं नळाला ठरावीक वेळीच पाणी येतं, म्हणून एक झाकलेली बादली कायम भरलेली असू द्या. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दार-खिडकी उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, आणि बाहेर येऊन 1906 या क्रमांकावर कळवा.

दर रविवारी सकाळी 10 ते 1 या वेळेत आम्ही वस्तीतल्या समाजमंदिरात असतो. सामान आणून देता येत नसेल तर फक्त निरोप द्या, आम्ही हातगाडी घेऊन येऊ. ज्यांच्या घरी लहान मूल आहे आणि शेगडी खाली आहे, त्यांनी नाव नोंदवायला लाजू नये.

आपल्या,
वस्तीतील महिला मंडळाच्या सर्व सदस्या