आधी गंधार, मग रिव्हर्ब

सोलापूर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. तुमची हर्डी-गर्डी, म्हणजे दांड्याने चाक फिरवून तारा वाजवायचं ते वाद्य, आणि सिंथसायझरचा पॅड, म्हणजे मागे लांबत राहणारे सूर, एकत्र आले की सगळं गढूळ होतं, आणि तुम्ही रिव्हर्ब, म्हणजे आवाजातली घुमारी, वाढवत सुटलात. दोष सुरात आहे गं. ड्रोन, म्हणजे अखंड वाजणारी तार, जी या पाश्चात्त्य सुरावर, १९६ हर्ट्झ; तोच आपला सा. तानपुऱ्यासारखाच त्यातूनही स्वयंभू गंधार, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा गंधार, निघतो. तो धरून शुद्ध गंधार येतो २४५ ला. सिंथचा गंधार, म्हणजे बी, मात्र २४६.९४ ला. फरक दोन हर्ट्झचाही नाही, पण वर ९८० च्या आसपास त्यांचे उपस्वर एकमेकांना घासतात आणि सेकंदाला सात-आठ वेळा थरथर ऐकू येते. सिंथच्या ट्यूनिंगमध्ये बी १४ सेंट उतरव (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). ती सोय नसेल तर पॅडमधून गंधार काढूनच टाक, नुसते सा-प ठेव. मग हर्डी-गर्डीच्या पट्ट्यांवरचे लाकडी खुंट किंचित फिरवून एकेक सूर ड्रोनशी जुळव. रिव्हर्ब त्यानंतर, आणि त्यात २०० हर्ट्झच्या खालचं काही जाऊ देऊ नकोस.

वाद्याला चिकटवलेला पिएझो माइक थेट मिक्सरला लावलात ना? म्हणून आवाज पत्र्यासारखा येतोय. मध्ये एक मेगाओम इनपुटचा प्रीअँप, म्हणजे मिक्सरच्या आधी आवाज वाढवणारं यंत्र, हवा.

वाजवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात, तेव्हा इफेक्ट दुसऱ्याने सांभाळावेत. बाराव्या शतकात तर या वाद्यालाच दोघं लागत, एक दांडा फिरवायला आणि एक सूर धरायला!

तारांवरचा कापूस बदला. लांब तंतूचा, पिंजलेला हवा. इथल्या पिंजाऱ्याकडून घेऊन ठेवते. अगदी विरळ ओढून चाकाजवळ तारेला धर, दांडा वाजवायच्याच दिशेने हळू फिरव, तो आपोआप गुंडाळला जातो. जाड झाला तर सूर उशिरा लागतो आणि दबतो, कमी पडला तर तार किरकिरते. सुरांच्या तारांना कमी, ड्रोनला थोडा जास्त. राळ नुसती टेकवायची. चाकावर थर बसला की तार किंचाळते.

मे महिन्यात इथे कार्यक्रम ठेवताय, पण तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी. लाकूड आक्रसून तारांच्या खुंट्या घसरतील. चाक जरा जरी वाकडं झालं तरी प्रत्येक फेरीला आवाज फुगतो नि बसतो, आणि ते ऐनवेळी दुरुस्त होत नाही. वाद्याच्या पेटीत हवेतला ओलावा टिकवणारी पुडी ठेव, गाडीच्या डिकीत वाद्य ठेवू नकोस. सभागृहात एसी असेल तर पेटी बंदच ठेवून अर्धा तास थांबा, मग सूर लावा.

गडद राळ उन्हाळ्यात चिकट होते, फिकट रंगाची घेऊन ये.

तुझी आई