लेकरांना दिसणारे आजोबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पितृपक्षानिमित्त आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. तीन-चार वर्षांच्या मुलांचं मन निर्मळ असतं, म्हणून घरातली गेलेली माणसं त्यांना दिसतात आणि मोठेपणी ही दृष्टी हरवते, असं लेखकाचं म्हणणं आहे. माझी सगळी नोकरी मिरजेत बालवाडीत झाली. याच वयाची मुलं रोज अवतीभवती होती, त्यामुळे गप्प बसवत नाही. मुलांचं मन निर्मळ असतं हे मान्य. गेलेली माणसं त्यांना दिसतात, हे मला मान्य नाही. आणि घरात ही समजूत पक्की झाली की तिचा त्रास मुलालाच भोगावा लागतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

तान्हं बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते म्हणतात, आणि छताकडे बघून हसलं की 'पणजी दिसतेय त्याला' म्हणतात. नवजात बाळाला 20 ते 30 सेंटीमीटरवरचं, म्हणजे वीत-दीड वीत अंतरावरचं, तेवढं बऱ्यापैकी दिसतं. त्यापलीकडे फिरता पंखा, खिडकीतली तिरीप, उजेड-अंधाराच्या कडा यांच्याकडे त्याची नजर ओढली जाते. सुरुवातीचं हसू झोपेत आपसूक उमटतं. माणूस पाहून हसणं साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतं. सटवाईचं नाव घेणाऱ्या आजीला मी कधी अडवलं नाही. त्यात माया असते आणि बाळाचं काही बिघडत नाही.

बोलत्या मुलाची गोष्ट वेगळी. हंगेरीतल्या मानसशास्त्रज्ञ मारिया नॉज यांनी बुडापेस्टच्या मुलांशी मृत्यूबद्दल बोलून केलेला अभ्यास 1948 साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालच्या मुलांना मरण म्हणजे दुसरीकडे निघून जाणं वाटतं, आणि गेलेला माणूस तिथे जगतच असतो, असं त्यांना आढळलं. आता आपण काय सांगतो ते आठवून पाहा. आजोबा देवाघरी गेले. बाप्पाकडे गेले. गावाला गेलेत, येतील. मूल शब्दन् शब्द खरा मानतं. गावाला गेलेला माणूस परत येतो हा त्याचा अनुभव असतो, मग ते वाट पाहतं. वाट पाहणाऱ्याला दारात कुणीतरी आल्याचा भास होणं यात अघटित काय आहे?

त्यात आपले विधी. दहाव्याला घाटावर पिंड ठेवतात, कावळा शिवत नाही, आणि चांगली शिकलेली माणसं हात जोडून म्हणतात, 'आबा, धाकटीचं लग्न आम्ही करतो, काळजी करू नका.' कावळा आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. पितृपक्षात गच्चीवर वाडी ठेवून आपण 'काव काव' करतो आणि कावळ्यानं घास घेतला की 'आबांना खीर पोचली' म्हणतो. हे सगळं नातू कडेवर बसून बघत असतो. दुसऱ्या दिवशी त्याच कावळ्याकडे बोट दाखवून तो 'आबा आले' म्हणाला, तर त्याला दिव्यदृष्टी आहे म्हणायचं का? त्यानं आपलंच बोलणं आपल्याला परत ऐकवलं. मी श्राद्धाच्या विरोधात नाही. माझ्या घरीही पान वाढलं जातं. गेलेल्याची आठवण काढायला वर्षातला एक दिवस असावा, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या बालवाडीत साडेतीन वर्षांचा एक मुलगा होता. त्याला पोचवायला आणि न्यायला आजोबा यायचे, फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून वाट बघायचे. ते गेल्यानंतर एका सकाळी तो मला म्हणाला, 'बाई, आबा तिथं बसलेत.' मी म्हटलं, 'आबा रोज तिथंच बसायचे, नाही का? आठवण येते तुला?' त्यानं मान हलवली आणि ठोकळे खेळायला गेला. माझ्यापुरता विषय तिथं संपला. घरी मात्र चौकशी सुरू झाली. काय नेसलेत? काय म्हणाले? रागावलेत का? काही मागतात का? कोणत्या उत्तरानं मोठ्यांचे डोळे भरून येतात हे एवढ्याशा पोराला बरोबर कळतं. आधी आबांच्या अंगावर धोतर-पटका आला, मग त्यांनी तंबाखू मागितली, आणि शेवटी आबा म्हणाले, शेत विकू नका. त्या घरात दोघा भावांत शेतावरूनच भांडण चाललं होतं. लेकराच्या तोंडून वाटणीचा निकाल मागितला जात होता! मग एका देवऋष्याकडे नेलं. त्यानं 'बाहेरचं आहे, म्हाताऱ्याचा जीव नातवात अडकलाय' असं पोरासमोरच सांगून ताईत बांधला. तोवर आबा हा त्या मुलाचा आधार होता. त्यानंतर तो कट्ट्याकडे बघेना, रात्री दचकून उठू लागला, अंथरूण ओलं करू लागला.

मुलं खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात स्टीफन सेसी आणि सहकाऱ्यांनी 1994 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या सापळ्यात बोट अडकून दवाखान्यात जावं लागलं होतं का, अशा कधीच न घडलेल्या गोष्टी लहान मुलांना आठवड्यामागून आठवडे विचारल्या. शेवटी निम्म्याहून जास्त मुलांनी निदान एक तरी अशी गोष्ट तपशिलासकट सांगितली. बोट कसं अडकलं, सोबत कोण होतं, सगळं. खोदून विचारत राहिलं की मूल चित्र पुरं करतं, आणि पुढे त्याला ते खरंच वाटू लागतं.

पूर्वजन्म सांगणाऱ्या मुलांचा दाखला लेखात आहे. अशा हजारो कथा जमवणारे व्हर्जिनिया विद्यापीठातले इयान स्टीव्हन्सन स्वतःसुद्धा त्यांना पुनर्जन्माकडे निर्देश करणाऱ्या घटना म्हणत. पुनर्जन्म सिद्ध झाला, असा दावा त्यांनी केला नाही.

गेलेलं माणूस जवळ असल्यासारखं मोठ्यांनाही वाटतं. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी जोडीदार गमावलेल्या 293 स्त्री-पुरुषांशी बोलून 1971 साली लिहिलं की त्यातल्या जवळपास निम्म्यांना कधी ना कधी असा अनुभव आला होता. ही माणसं वेडी नव्हती. दुःखात मन असं वागतं. मग मुलाचं मनही तसंच वागलं, तर त्याच्या दंडावर ताईत कशाला?

2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा ठरवला. सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी पुण्यात खून झाला. पण मुलाच्या मनात भीती घालणारं बोलणं कोणत्याही कायद्याच्या हाती लागत नाही. ते घरातच थांबवायला हवं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत कितीतरी मुलांची आई किंवा वडील रुग्णवाहिकेत बसून गेले आणि परत आलेच नाहीत. चेहरा दिसला नाही, अंत्यदर्शन नाही. अशी मुलं 'रात्री आई आली होती' म्हणाली, तर त्यांना कुणी 'आईचा आत्मा भटकतोय' सांगू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

मूल असं काही बोललं तर रागावू नका आणि उलटतपासणीही घेऊ नका. 'तुला आठवण येते, मलाही येते,' म्हणा. आबा वारले, त्यांचं शरीर थांबलं, आता ते येणार नाहीत, हे साध्या शब्दांत आणि लागेल तितक्या वेळा सांगा. आबांचे जुने फोटो बाहेर काढून त्याच्यासोबत बघत बसा. श्राद्धाच्या पानावर आबांच्या आवडीचा पदार्थ त्याच्या हातानं वाढू द्या. झोप उडाली, खाणं तुटलं, भीती काही आठवडे हटली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ते गावात नसतील तर 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. आपण तो या पत्रासोबत ठळक छापावा.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, मिरज