माशी शिंकली

डेटन, ओहायो
रविवार, रात्र

प्रिय सुऱ्या,

दीड वर्ष पत्र नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी, शुगर ताब्यात.

माझ्या हातून माती झालीय. हिला सांगितलं तर म्हणाली, "एवढं काय, लोखंडच ना?" म्हणून तुला लिहितोय.

शेजारचे म्हातारबाबा आठवतात ना, फोटो बघून तू ज्यांना 'गोरे तात्या' म्हणालास? त्यांच्याकडं पणज्याचं कोल्ट रिव्हॉल्व्हर आहे. १८६० चं आर्मी मॉडेल, इथल्या यादवी युद्धातलं. आठ इंची नळी, सिलिंडरवर टेक्सासच्या आरमाराची १८४३ ची लढाई कोरलेली. आता जहाजं झिजून नुसती शिडं उरलीत. नळी फ्रेमला एका पाचरीनं धरलेली असते, आणि ती पाचर कित्येक वर्षं जाम. मला म्हणाले, तू टूलरूमवाला, काढ. तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, पितळी पंच ठेवून दोन टोले. निघाली! मी खूश होऊन पाचर उजेडात धरून बघतोय, तोवर नळी गडगडत काँक्रीटवर, नेमकी तोंडावर. नळीच्या टोकावर नेम धरायला जो उभा दाणा असतो, ती माशी, बुंध्यापासून तुटली.

म्हण की आता, इथंच माशी शिंकली. मला माहितेय तू म्हणणार.

रात्रभर शोधलं, तुकडा नाही. मग नवी करायला बसलो. ती माशी जर्मन सिल्व्हरची. तुझ्या आईच्या जर्मनच्या पातेल्याचा संबंध नाही रे, हे तांबं, निकेल आणि जस्त. चांदी फक्त नावात. जुन्या चमच्याची दांडी कापली. खाचेतला बुंधा बारीक छिन्नीनं उकरला. नळीला एमरी पेपर लावला नाही, तो तपकिरी रंग एकदा गेला की गेला. मग कानस. दोन घास, लावून बघ, दोन घास, लावून बघ. तू म्हणायचास ते खरंय, माझी कानस अजून डोलते. वरची कड गोल व्हायला लागली. रात्री दीडला कचकचून बसली, डाग (सोल्डर) द्यावा लागला नाही. नेमाची मागची खाच या पिस्तुलात घोड्याच्या (ट्रिगर नव्हे, मागचा हातोडा) डोक्यावरच असते, घोडा ओढल्याशिवाय दिसत नाही. ओढून पाहिलं, सरळ रेषेत. उंची मात्र अंदाजानं. माशी बुटकी झाली तर गोळी वर जाते, म्हणून जरा उंचच ठेवली. आता कोण झाडतंय म्हणा.

इथवर ठीक होतं. पण नवी माशी चकाकत होती, म्हणून ब्ल्यूइंगचा, म्हणजे धातू काळा करायच्या रसायनाचा, थेंब लावून काळवंडवली.

बाबांनी हातात घेतलं, घोडा ओढला, एक डोळा मिटला. "माझे आजोबा असंच धरायचे," म्हणाले. मी तोंड उघडलं नाही.

आणि काल व्हॅक्यूमची पिशवी झटकली तर तुकडा! तांदळाच्या दाण्याएवढा. डागानं जोडला असता, पण जोडू कशाला? बुंधा तर मीच उकरून टाकला.

८९ चा, आटे पाडायचा टॅप आठवतो? डायच्या भोकात तुटलेला, वर ग्रीस भरलेलं. तुझा एक दिवस कापला, आणि चार महिने तू बोलला नाहीस. अरे, मीच. तुला ठाऊक होतं, पण मी कधी म्हटलं नव्हतं. (माझी सायकल पंक्चर तूच केलीस, ते मात्र माफ नाही.)

बाबा नव्वदीला आलेत. सांगावं तर पणज्याची माशी गेली. न सांगावं तर उद्या नातू विकायला काढेल, कुणी जाणकार भिंग लावेल आणि म्हातारा खोटा पडेल. आणि ग्रीस भरणारा इथं मजेत. काय करू?

मुलीचं ठरलं म्हणे, छान झालं, तारीख कळव. मोतीबिंदूचं उरकलं ना? वहिनींना नमस्कार.

फोन करू नकोस, फोनवर मी विषय बदलतो. लिही.

तुझा,
दिल्या

ता. क. तुकड्यावर कॅलिपर लावला. माझी माशी पाऊण मिलिमीटर उंच आहे. आपल्या टूलरूमच्या तात्यांनी परत पाठवली असती.