साहित्य काढून भाषा कशी शिकवणार?

संपादक महोदय,

परकीय भाषांच्या पदवी अभ्यासक्रमावरचा कालचा लेख वाचला. रात्रीच पत्र लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात लिहू नये म्हणून सकाळपर्यंत थांबले. राग उतरलेला नाही.

कादंबरी-कवितेचे पेपर काढा, मुलांना बी२ या भाषापातळीपर्यंत आणा आणि नोकरीला लावा, साहित्य ज्याला हवे त्याने घरी वाचावे, असे लेखकाचे म्हणणे. बी२ म्हणजे काय हे त्यांनी आधी पाहायला हवे होते. युरोप परिषदेने २००१ साली भाषा किती येते हे मोजणारी, ए१ ते सी२ अशा सहा पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली. तिच्या स्वमूल्यमापनाच्या तक्त्यात, वाचनाखाली, बी२ च्या रकान्यात स्पष्ट लिहिले आहे की या पातळीवर समकालीन साहित्यिक गद्य समजते. साहित्याऐवजी ते जी पातळी मागत आहेत, तिच्यातच साहित्य आहे.

एवढे तावातावाने लिहिते, कारण हा प्रयोग माझ्यावर झालेला आहे. मी फ्रेंच घेऊन बी.ए. केले. तिसऱ्या वर्षाला आम्ही सहा जणी उरलो होतो. वर्ष सुरू होताना कळले, कादंबरीचा पेपर बंद, त्याऐवजी व्यावसायिक पत्रव्यवहार. वर्षभर आम्ही माल उशिरा पोहोचल्याबद्दल दिलगिरीची पत्रे लिहिली. आमच्या मॅडमना ते सहन झाले नाही. आठवड्यातून दोनदा त्या तासभर लवकर यायच्या आणि आम्हाला फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूची १९४२ सालची ‘लेत्रांजे’ ही कादंबरी शिकवायच्या. परीक्षेला ती नव्हती, हजेरीही लागत नव्हती. तरी सहाही जणी यायचो.

त्यातला एक तास विसरता येत नाही. शेजारी राहणारा रेमों कादंबरीचा नायक मर्सोकडून एक पत्र लिहून घेतो आणि त्यानंतर त्याला आदराचे ‘व्हू’ सोडून सलगीचे ‘त्यु’ म्हणू लागतो. मर्सोच्या ते लगेच लक्षातही येत नाही. मॅडमनी पुस्तक मिटले आणि विचारले, “इथे काय झालं?” आम्हाला काहीच झालेले दिसेना. मग त्या म्हणाल्या, “तुमच्या शेजाऱ्याने न विचारता अहोजाहो सोडून अरेतुरे सुरू केलं तर?” वर्ग गप्प झाला. रेमोंने मर्सोला आपल्या बाजूला ओढून घेतले होते, आणि पुढे जो खून होतो त्याची वाट त्या पत्रावरूनच जाते. इंग्रजी अनुवादात दोन्हीकडे एकच ‘यू’. आपण मराठी माणसे तर हा फरक जन्मापासून जगतो. तरी फ्रेंचमध्ये तो आम्हाला दिसला नाही, कारण पत्रव्यवहाराच्या पुस्तकात सगळेच एकमेकांना ‘व्हू’ म्हणतात. आज दुभाषी म्हणून बैठकीला बसते तेव्हा कोण कोणाशी कधी ‘त्यु’वर आले, हे मी सर्वांत आधी टिपते. नोकरीसाठीच भाषा शिकवायची असेल तरी मला ते त्या तासाने दिले.

भूतकाळाचेही तसेच. पासे सँप्ल हा फ्रेंच भूतकाळ बोलण्यात जवळजवळ येत नाही, म्हणून ‘ओळखता आला तरी पुरे’ असे सांगतात. फ्रेंच कादंबरीचे कथन मात्र पिढ्यानपिढ्या त्यातच चालत आले होते. काम्यूने ते बाजूला ठेवून पासे काँपोझे या बोलण्यातल्या भूतकाळात कादंबरी लिहिली. त्यात काय वेगळे आहे, हे आधीच्या कादंबऱ्या न वाचलेल्याला कळणार कसे?

पदवीनंतर एम.ए.ला अर्ज केला. साहित्याचे पेपर नाहीत म्हणून प्रवेश नाकारला. मॅडमनी शिकवलेले गुणपत्रिकेवर कुठे होते? दोन पेपर बाहेरून देण्यात माझे वर्ष गेले. ज्यांनी तो पेपर काढला, त्यांच्यापैकी एकानेही कधी चौकशी केली नाही.

अमेरिकेत २०१६ ते २०२१ या काळात परकीय भाषांची विद्यार्थिसंख्या १६.६ टक्क्यांनी घटली, हा लेखातला आकडा बरोबर आहे. पण त्याच पाहणीत कोरियन शिकणारे वाढले आहेत, ते लेखात नाही. माझ्याकडे कोरियनची चौकशी करायला येणारी मुले गाण्यांची आणि मालिकांची नावे घेतात. पत्रव्यवहारासाठी शिकायचे आहे असे एकानेही अजून सांगितलेले नाही.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. आपल्या पुरवणीत काम्यूचे नाव ‘कॅमस’ असे छापले होते. त्याच पुरवणीत गेल्या महिन्यात फ्रेंचमधून आलेली एक कथा होती. तिच्याखाली मूळ लेखकाचे नाव होते, अनुवादकाचे नव्हते. मी फोन केला तेव्हा जागा नव्हती असे उत्तर मिळाले. नाव आणि आडनाव, दोन शब्द लागतात. ते पुढच्या अंकात छापावेत, ही विनंती.

आपली,
एक अनुवादक