मंगळाचं कवच मोजलं कसं, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मंगळाच्या कवचाविषयी, म्हणजे ग्रहाच्या सर्वांत वरच्या खडकाच्या थराविषयी, आपल्या अंकात आलेली चौकट वाचली. 'कवचाची जाडी 50 किलोमीटर', बस्स, एवढंच. मी शिरपूर तालुक्यात बरीच वर्षं बोअर मारतोय. खोलीचा आकडा दिसला की मोजला कशाने, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

भोक पाडून तर नक्कीच नाही. कोला द्वीपकल्पावरचं सोव्हिएत बोअर 1989 मध्ये 12,262 मीटरवर पोचलं, आणि खाली उष्णता इतकी वाढली की पुढे जाता येईना. खंडांखालचं कवच साधारण 35 ते 40 किलोमीटर जाड असतं, म्हणजे एवढा खटाटोप करून तिसरा हिस्साच उतरला. आपल्या कोयनेजवळ गोठण्याला संशोधनासाठी घेतलेलं बोअर 3 किलोमीटरचं आहे. आमची गाडी हजार फुटांवर गेली तरी शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो.

मोजणी होते ती लाटांवरून. 1909 च्या ऑक्टोबरात क्रोएशियात भूकंप झाला. झाग्रेबच्या आंद्रिया मोहोरोविचिच यांना नोंदींमध्ये एकाच धक्क्याच्या लाटा दोनदा आलेल्या दिसल्या. एक वरच्या खडकातून सरळ आलेली, दुसरी खोल उतरून खालच्या घट्ट खडकातून धावत आलेली. दूरच्या केंद्रांवर ही दुसरीच आधी पोचत होती. गावागावांतून धुळ्याला निघालेल्याच्या आधी वळसा घेऊन हायवेला लागलेला पोचतो, तसंच. लाटांचा वेग जिथे एकदम वाढतो, तो कवचाचा तळ. त्याला आज 'मोहो' म्हणतात.

अशी मोजणी आपल्या अंगणातही झाली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने थुवादरा–सेंधवा–सिंदाड या रेषेवर सुरुंग उडवून परत येणाऱ्या लाटा टिपल्या. सातपुडा उतरून तापी ओलांडून ही रेषा जळगाव जिल्ह्यात सिंदाडला संपते. कवचाचा तळ चाळीस किलोमीटरच्या आसपास निघाला. शिवाय आपल्या काळ्या पाषाणाच्या खाली त्याहून जुने गाळाचे थर दडलेले सापडले. इथल्या किती जणांना हे माहीत असेल? मंगळाला चौकट मिळते, सिंदाडला नाही.

आता जाडी कमीजास्त का, ते. आपल्याकडे पुरात केळीचे खांब वाहत येतात. जाड खांब पाण्यावर जास्त उंच दिसतो, आणि पाण्याखाली खोलही तोच बुडालेला असतो. डोंगराचंही तेच. 1855 मध्ये जॉर्ज एअरी यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांचीच उपमा दिली होती, आणि तिला निमित्त आपल्याच देशातलं. कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतलं अंतर मोजणी खात्याने जमिनीवरून मोजलं आणि ओळंबा धरून ताऱ्यांवरूनही काढलं, तर दोन्हींत सुमारे 5 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) फरक येत होता. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो म्हणावं, तर कलकत्त्याच्या जॉन प्रॅट यांच्या हिशेबाने फरक जवळजवळ 16 विकलांचा यायला हवा होता. डोंगर दिसतो तेवढा ओढत का नाही? एअरींचं उत्तर असं की त्याच्याखाली हलक्या खडकाचं मूळ खोलवर गेलेलं आहे. तिबेटखाली कवच 70 किलोमीटरपर्यंत जाड आहे, समुद्राच्या तळाशी जेमतेम 7. फक्त केळीच्या खांबावरून कुणी खाली लाव्हारसाचं तळं आहे असं समजू नये. कवचाखालचा थर, म्हणजे प्रावरण, घनच आहे, लाखो वर्षांच्या हिशेबात मात्र ते वाहतं.

पृथ्वीवर भूकंपमापक हजारोंनी आहेत, मंगळावर कवच मोजण्याजोग्या नोंदी दिल्या त्या एकट्या नासाच्या इनसाइट यानावरच्या भूकंपमापकाने. 2018 च्या नोव्हेंबरात ते उतरलं. आधी त्याच्या पायाखालच्या कवचाचीच दोन उत्तरं निघाली, सुमारे 20 किंवा 39 किलोमीटर. मग 4 मे 2022 रोजी 4.7 तीव्रतेचा धक्का बसला आणि त्याच्या लाटा पृष्ठभागावरून ग्रहाला वळसा घालून आल्या. त्यावरून सरासरी निघाली 42 ते 56. आपला 50 त्यातूनच आला असणार. पण इसिडिस खोऱ्याखाली तेच कवच 10 च्या आसपास आहे आणि थार्सिसच्या ज्वालामुखींखाली 90 च्या. हा चढउतार यानांनी गुरुत्वाकर्षणावरून नकाशात मांडला. पण नुसत्या गुरुत्वाकर्षणावरून कुठे जाड, कुठे पातळ एवढंच कळतं. खोली ठरवायला लाटांची एक तरी नोंद लागते. चंद्राचं बघा. अपोलोच्या यंत्रांवरून आधी 60 किलोमीटर म्हणत, तीच नोंद पुन्हा तपासल्यावर आकडा निम्म्यावर आला. 2012 मध्ये नासाच्या 'ग्रेल' मोहिमेच्या जोडयानांनी चंद्राचं गुरुत्वाकर्षण मोजलं, त्यानंतर सरासरी 34 ते 43 धरतात.

म्हणून आकडा छापताना 'पासून–पर्यंत' छापा, आणि कशावरून, ते एका ओळीत सांगा. शेतकरी मला विचारतो, "भाऊ, पानी कितला फुटवर लागी?" मी अडीचशे ते चारशे सांगतो. एकच आकडा सांगितला असता तर दुसऱ्या दिवशी माझी कॉलर त्याच्या हातात असती. आणि जमलं तर रविवारच्या पुरवणीत सेंधवा–सिंदाड रेषेवर जाणकाराकडून सविस्तर लेख घ्या. नकाशासकट. आमचा तालुका त्या रेषेपासून किती लांब पडतो, ते मला बघायचंय.

आपला,
एक बोअरवेलवाला वाचक
शिरपूर, जि. धुळे