पडद्यावरचा रस्ता आणि पायाखालचा रस्ता

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी परळहून दादर स्थानकाकडे टॅक्सीने जात असताना हिंदमाताच्या अलीकडे एका पानवाल्याने बॉनेटवर हात मारून आमची गाडी थांबवली आणि "पुढे जाऊ नका, गुडघ्याच्या वर पाणी आहे," असे बजावले. पंचविशीतल्या चालकाने समोर लावलेला फोन त्याच्याकडे वळवला. नकाशावर रस्ता मोकळा दिसत होता. आम्ही पुढे गेलो आणि पन्नास पावलांवर गाडी बंद पडली. दाराच्या फटीतून आलेले पाणी घोट्याला लागले, तेव्हाही पडद्यावर दादर चार मिनिटांवरच होते. त्या मुलाला बोल लावण्यासाठी मी हे लिहीत नाही. मीही मागच्या सीटवर बसून गप्प राहिलो होतो. त्याच पाण्यातून चालत आलेला माणूस एक सांगत असताना आणि पडदा दुसरे दाखवत असताना आपण सारे आता पडद्यालाच खरे धरू लागलो आहोत, ही गोष्ट मला त्या दिवसापासून अस्वस्थ करते.

मी 31 वर्षे आरेखक म्हणून नकाशेच काढले, त्यामुळे नकाशाशी माझे वैर नाही. आमच्या कामात मात्र एक शिस्त होती. मोजणी कोणी केली, कोणत्या तारखेला केली आणि प्रमाण किती, हे कोपऱ्यात लिहिल्याखेरीज कागद टेबलावरून हलत नसे, आणि कागदाचे व जागेचे जुळले नाही तर साहेब टेप घेऊन पुन्हा जागेवर पिटाळत. फोनवरच्या वाहतुकीच्या रंगांना असा कोपराच नसतो. ते रंग मुख्यतः रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांच्या फोनची जागा आणि वेग यांवरून ठरतात. 2020 साली बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने 99 फोन एका छोट्या हातगाडीत घालून ती रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली, तेव्हा नकाशावर तो रस्ता वाहनकोंडीने लाल झाला होता. हिंदमाताला याच्या नेमके उलट होऊ शकते. पाणी भरले की गाड्या तिकडे फिरकत नाहीत, आणि गाड्या नसल्या की मोजायला काही उरतच नाही. तो परिसर बशीसारखा खोलगट आहे, समुद्राला भरती असली की पाण्याचा निचरा मंदावतो, आणि म्हणूनच तिथले पाणी साठवण्यासाठी महापालिकेला भूमिगत टाक्या बांधाव्या लागल्या. पानवाल्याला हे शिकवावे लागत नाही. दुकानाच्या कितव्या पायरीला पाणी लागले की रस्ता बंद, हे तो वर्षानुवर्षे पाहत आला आहे.

आकड्यांचेही असेच आहे. 26 जुलै 2005 च्या प्रलयात सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे प्रत्येक चौरस मीटर जमिनीवर 944 लिटर पाणी पडले; त्याच 24 तासांत कुलाब्याची नोंद शंभर मिलिमीटरसुद्धा नव्हती. दोन्ही आकडे अचूक होते आणि दोन्ही मुंबईचेच होते. कुलाब्याचा आकडा वाचून जो घराबाहेर पडला असता, त्याला मिठी नदीच्या काठी काय चालले आहे याची कल्पना आली नसती. त्या आपत्तीनंतर शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले गेले, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण त्यामुळे नोंद जागेच्या जवळ आली.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मॅनहोलचे झाकण तुटले आहे. संबंधित कार्यालयाकडे मी मोबाइलवरून छायाचित्रासह तक्रार केली आणि तिसऱ्या दिवशी "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे" असा संदेश आला. खाली जाऊन पाहिले, तर तुटलेले झाकण तसेच, आणि कोणीतरी खबरदारी म्हणून भोकात उभा केलेला बांबू व त्याला बांधलेली लाल चिंधीही तशीच. पुन्हा तक्रार केली, पुन्हा तोच संदेश आला. प्रत्यक्ष कार्यालयात गेलो, तेव्हा तेथील गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने संगणक माझ्याकडे वळवून तक्रार "बंद" असल्याचे दाखवले, अगदी त्या टॅक्सीचालकाने फोन वळवून दाखवला होता तसे. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात याच परळ-एल्फिन्स्टन भागात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले, हे या शहराला विसरता येणार नाही. पाण्याखाली गेलेले भोक संगणकावर बुजवलेले असून चालत नाही.

आपल्याकडे पंचनाम्याची जुनी पद्धत आहे: पंचांनी जागेवर जायचे, जे दिसेल ते लिहायचे आणि खाली सही करायची. तीच पद्धत या नव्या व्यवस्थेत आणणे मुळीच अवघड नाही. तक्रार बंद करताना जागेवर गेलेल्या कर्मचाऱ्याचे नाव, तारीख, वेळ आणि कामानंतरचे छायाचित्र नोंदीत असलेच पाहिजे, आणि तक्रारदाराने "काम झाले" असे कळवल्याशिवाय नोंद बंद होता कामा नये. नागरिकांचे भ्रमणध्वनी क्रमांक कार्यालयांकडे आहेतच, तेव्हा विचारायला खर्चही फारसा नाही. पाणी तुंबल्याची माहिती देणाऱ्यांनीही ती कोणत्या वेळेची आहे हे ठळक दाखवावे, आणि त्या भागातल्या दुकानदारांना, वाहतूक पोलिसांना, सफाई कामगारांना ती दुरुस्त करण्याची सोय द्यावी.

आमच्या गल्लीतला बांबू आजही उभा आहे. त्यावरची लाल चिंधी या पावसाळ्यात दोनदा बदलली गेली. दोन्ही वेळा ती समोरच्या किराणा दुकानदाराने बांधली.

आपला,
एक निवृत्त आरेखक, परळ, मुंबई