फलक दिसले, याद्या नाही

सुदानच्या पश्चिमेकडील दारफूर प्रांतासाठी अमेरिकी विद्यार्थ्यांनी केलेली आंदोलने म्हणजे निव्वळ फलक नाचवण्याची हौस होती, हा आपल्या अंकातील लेखाचा सूर पटला नाही. २००३ नंतर तिथे गावेच्या गावे जाळली जात असताना हे विद्यार्थी आपल्या विद्यापीठाचा निधी कोणत्या कंपन्यांच्या समभागांत गुंतला आहे, याच्या याद्या ओळीओळीने तपासत होते. (एरवी त्या याद्या कोण वाचतो?) सुदानच्या तेलातला पैसा या कत्तलींमागे असलेल्या राजधानी खार्टुममधल्या सरकारला पोसत होता आणि त्या तेलात भागीदार असलेल्या चिनी कंपनीची उपकंपनी होती पेट्रोचायना. एप्रिल २००५ मध्ये हार्वर्डने तिचे समभाग विकायचे जाहीर केले. मार्च २००६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने ९ कंपन्यांबाबत तसाच ठराव केला. पुढे ३१ डिसेंबर २००७ रोजी राज्यांना अशा निर्गुंतवणुकीची मुभा देणारा संघीय कायदाही झाला. एवढ्याने कत्तली थांबल्या नाहीत, हे खरे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दारफूरमधल्याच एल फाशेर शहराने पुन्हा तेच पाहिले. पण ते अपयश विशीतल्या मुलांच्या खाती टाकताना सुरक्षा परिषदेतील बड्या देशांबद्दल लेखात अवाक्षरही नाही.

– एक निवृत्त प्राध्यापक